फराळ नंतर; आधी दोघं जण बुधवारी येऊन जा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका वाणिज्य महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटात ४५ विद्यार्थी आहेत. त्यांनी १८ हजार रुपये जमवलेत. दिवाळीच्या आधीच्या रविवारी जवळच्या वृद्धाश्रमात जायचं, फराळ आणि ब्लँकेटं वाटायची, तासभर नाच-गाणी करायची आणि सगळ्या आजी-आजोबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, असा त्यांचा बेत आहे. यात आणखी काय करावं आणि काय टाळावं, असं त्यांनी विचारलंय.

विचारलंत हे बरं केलंत. बहुतेक जण विचारत नाहीत, थेट बस घेऊनच येतात. मी आधी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते आणि गेली सतरा वर्षं शहरापासून अर्ध्या तासावरच्या एका वृद्धाश्रमात अधीक्षिका आहे. आमच्याकडे अडतीस माणसं राहतात. पुढचं सगळं त्या अनुभवातून सांगते; दुसऱ्या आश्रमात थोडंफार वेगळं असेल.

पहिलं म्हणजे तारीख बदला. दिवाळीच्या आधीचे दोन रविवार आमच्याकडे लग्नसराईसारखे असतात. सकाळी एक मंडळ, अकराला एक शाळा, दुपारी एखादी कंपनी आणि संध्याकाळी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. एका वर्षी एकाच दिवशी तीन सत्कार झाले. तिसऱ्या शालीला आमच्या एक काकू म्हणाल्या, "आज माझं लगीन हाय काय, सारखी शाल घालाय लागल्यात." आणि भाऊबीज झाली की सगळं एकदम सुनं होतं. दिवाळी संपल्यानंतरचा तो आठवडा आमच्यासाठी वर्षातला सगळ्यात वाईट. ज्यांना चार दिवस घरी नेलं होतं ते परत आलेले असतात, ज्यांना कुणीच नेलं नाही ते त्यांच्याकडे बघत असतात. त्या आठवड्यात या. नाहीतर जुलै-ऑगस्टमध्ये या. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. झड लागली की आठ-आठ दिवस व्हरांड्यातसुद्धा बसता येत नाही, कपडे वाळत नाहीत, नातेवाइकांचं येणं थांबतं. त्या दिवसांत कुणी फाटकातून आत आलं की खिडकीत चार डोकी तरी दिसतात.

दुसरं, ४५ जण एकदम येऊ नका. अडतीस माणसांच्या घरात ४५ पाहुणे शिरले की ते घर राहत नाही, स्टँड होतं. बारा-बारांचे गट करा आणि वेगवेगळ्या दिवशी या. त्याआधी तुमच्यातले दोघं जण एखाद्या बुधवारी चार वाजता, चहाच्या वेळेला येऊन जा. फोनवर काम भागवू नका. फोनवर मी "या, या" एवढंच म्हणते, कारण मागून औषधवाला हाक मारत असतो. समोर आलात तर मी तुम्हाला कपाट उघडून दाखवीन.

त्या कपाटात ब्लँकेटं आहेत. शंभराच्या वर असतील. २०१९ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, पाणी उतरल्यावर सगळीकडून मदतीचे ट्रक आले आणि आसपासच्या गावांत वाटून उरलेलं बरंच काही आमच्याकडे आलं. त्यावर दर हिवाळ्यात नवी भर पडते. तेव्हा ब्लँकेट नको. आम्हाला सतत कमी पडतात ते मोठ्या माणसांचे डायपर, आणि त्यातही माप महत्त्वाचं. लोक हौसेनं मोठ्यात मोठा साइज आणतात. आमच्या निम्म्या बायका काटकुळ्या आहेत, त्यांना तो ढिला होतो, बाजूनं गळतो, आणि ओलं राहिलं की कातडी सोलवटते. कमरेचं माप विचारून घ्या. मग अंथरुणाखाली घालायचं रबरी शीट, वॉकरच्या पायांची रबरी बुटं (ती झिजली की वॉकर फरशीवर घसरतो आणि माणूस पडतो, एवढ्याशा रबरापायी खुब्याचं हाड मोडलेलं मी पाहिलंय), साखर तपासायच्या पट्ट्या आणि कानातल्या मशीनचे सेल. पट्ट्या यंत्राच्या कंपनीप्रमाणे बदलतात आणि सेलवर नंबर असतो, म्हणून दोन्ही आम्हाला विचारूनच घ्या. कपडे धुण्याची पावडर आणि फिनेल कधीच जास्त होत नाही. हे सगळं लक्ष्मीपुरीत किंवा औषधाच्या घाऊक दुकानात घेतलंत तर १८ हजारांत बऱ्यापैकी येईल. फोटोत फिनेल शोभत नाही, हे मला मान्य आहे.

पावती मागून घ्या, सगळ्या पैशांची. कुणाच्या काकांना आयकरात सवलत हवी असेल, ज्याला लोक ८०जीची पावती म्हणतात, तर त्यांनी स्वतःच्या नावानं चेक किंवा ऑनलाइन द्यावं. २ हजारांच्या वरची रोख रक्कम त्यात धरत नाहीत आणि वस्तू दिल्या तर सवलत मिळतच नाही. तुम्ही वाणिज्यवाले आहात, हे तुम्हीच मला सांगायला हवं.

आता फराळ. यावर जरा जास्त बोलते, कारण इथं चूक झाली तर धावपळ माझी होते.

चिवडा आणि भडंग दिसायला निरुपद्रवी. पण ज्याला अर्धांगवायू होऊन गेलाय, त्याचं गिळणं बिघडलेलं असू शकतं. कोरडा पोहा किंवा शेंगदाणा घशात न जाता श्वासनलिकेकडे सरकतो. ठसका लागला तर नशीब म्हणायचं. कधी कधी ठसकासुद्धा येत नाही आणि दोन-तीन दिवसांनी न्यूमोनिया होतो. अशा माणसाला साधं पाणीसुद्धा आम्ही चमच्यानं, बसवून, मान किंचित खाली करून देतो. तुमच्यातल्या एखाद्या मुलीनं प्रेमानं आडव्या आज्जींच्या तोंडात लाडू घातला, तर तिचा हेतू कितीही चांगला असो, तो लाडू धोक्याचा आहे. कुणालाही हातानं भरवू नका. पाकिटं आमच्या स्वयंपाकघरात द्या, कुणाला काय आणि किती ते आमच्या मावशी बघतील. मधुमेहाचं तर सगळ्यांना माहीत असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना केळं आणि शहाळंसुद्धा चालत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं, आणि लोक भेटीला आणतात त्यात पहिलं केळंच असतं.

जेवणाच्या वेळेचं तर मी हात जोडून सांगते. एकदा एका गटानं प्रमुख पाहुणे बोलावले होते. कार्यक्रम अकराचा, पाहुणे आले साडेबाराला. आमच्या नर्सनं ठरल्या वेळी, जेवणाआधीचं इन्सुलिन देऊन टाकलं होतं. पाहुण्यांचं भाषण सुरू, ताटं झाकलेली, आणि दुसऱ्या रांगेत एक मामा घामानं भिजून खाली घसरले. साखर एकदम उतरली होती. शुद्धीवर होते म्हणून साखरेचं पाणी पाजता आलं आणि पंधरा मिनिटांत सावरले. भाषण मात्र पूर्ण झालं. तेव्हापासून आमच्याकडे प्रमुख पाहुणे नाहीत, आणि साडेबाराला जेवण म्हणजे साडेबाराला. एक ते तीन झोप. चार ते साडेपाच ही तुमची वेळ. दिवेलागणीनंतर नको, विसराळूपणाचा आजार असलेल्यांची तगमग तेव्हा वाढते, ती "घरी जायचंय" म्हणून पिशवी भरायला लागतात.

खाण्याचं काही करायचंच असेल तर आधी त्यांना विचारा. एका गटानं विचारलं होतं. तेरा जणांनी पांढरा रस्सा सांगितला! तांबडा पोटाला झेपत नाही, पण पांढऱ्याची आठवण जात नाही. आमच्या विश्वस्तांनी थोडी कुरकुर केली, मग एका शनिवारी परवानगी दिली, शाकाहारी मंडळींची पंगत वेगळी बसली. असल्या गोष्टीचं नाव चार महिने निघतं. लाडवाचं निघत नाही.

कार्यक्रमाबद्दल. मोठा स्पीकर आणू नका. म्हातारपणी कान जातो तो आधी बारीक, उंच आवाजांना. त्यामुळे ढोल ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत, आणि कानातल्या मशीनचा आवाज वाढवला की ते शिट्टी मारतं. अर्धे लोक मशीन काढून खिशात ठेवतात आणि तुमच्याकडे बघून हसत राहतात. तुम्हाला वाटतं कार्यक्रम आवडला. बोलतानाही ओरडायचं नाही. समोर बसून, तोंड दिसेल असं, आवाज जरा खाली आणून सावकाश बोललं की बरंच पोहोचतं. मुलींनी हे जास्त लक्षात ठेवा, तुमचा आवाज मुळात उंच असतो. आणि पाहुण्यांच्या स्वागताला व्हरांड्यात रांगोळी घालू नका. गुळगुळीत फरशीवर ती पावडर पसरली की पाय सरकतो.

नाचाला माझी ना नाही. पण तासभर एका बाजूनं नाच आणि दुसऱ्या बाजूनं टाळ्या, यात आमची माणसं प्रेक्षक होऊन बसतात. ती वर्षभर तशीच बसलेली असतात. त्यांना देणारे बक्कळ येतात. त्यांच्याकडून काही घेणारा कुणी येत नाही. तुम्ही काय न्यायचं ते विचारलंत. मी म्हणते, येताना काहीतरी मागायला या.

उदाहरण देते, तुमच्याच शाखेचं. तीन वर्षांपूर्वी अकरा-बारा पोरं आली होती, बी.कॉम.ची. त्यातल्या एकाला हिशेबाच्या कुठल्याशा प्रकल्पासाठी छोट्या धंद्याची माहिती हवी होती. मी त्याला आमच्या आक्कांसमोर नेऊन बसवलं. आक्कांनी चाळीस वर्षं बाजारात भाजी विकली, सही करता येत नाही, अंगठा. पोरानं विचारलं, "उधारी कशी लक्षात ठेवायचा?" आक्कांनी आधी त्याच्याकडे नीट बघून घेतलं, चेष्टा करतोय काय म्हणून. मग सुरू झाल्या. घराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा, प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी जागा. मास्तरीणबाईंची खिडकीजवळ, खानावळवाल्याची दाराआड, कारण तो आला की त्याला दिसू नये. रुपयाला उभी रेघ, आठ आण्याला अर्धी. पैसे आले की ओल्या फडक्यानं पुसायचं. दिवाळीला घर सारवायच्या आधी सगळी वसुली, कारण भिंत पांढरी झाली की खातं गेलं. म्हणजे बघा, वर्षाचा हिशेब बंद करणं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. "आणि बुडवली कुणी?" असं दुसऱ्यानं विचारल्यावर आक्कांनी नावानिशी सात माणसं सांगितली, रकमेसकट. त्यातला एक पुढे नगरसेवक झाला म्हणे. पोरं वहीत लिहीत होती, आक्का मध्येच थांबून "लिहिलास का?" असं दरडावत होत्या. त्या दिवशी त्यांनी रक्तदाबाची गोळी घ्यायला नकार दिला नाही, जो त्या रोज देतात.

प्रत्येकात असं काही सापडतंच असं नाही. काही माणसं खरंच थकलेली असतात आणि त्यांना नुसतं शेजारी बसलेलं आवडतं. पण शोधायला जागा भरपूर आहे. एक आबा चार महिने कुणाशी धड बोलत नव्हते. मंगळवार पेठेतला एक पोरगा त्यांच्याशी पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब या संघांच्या फुटबॉलवरून भांडला आणि आबा उठून बसले. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले, ते साल माहीत असलेला पोरगा आला तर आमच्या दुसऱ्या एका मामांची संध्याकाळ पार पडते. कुणाला उमा टॉकीज, पद्मा टॉकीजच्या तिकिटांचे दर पाठ आहेत. तुमच्या शर्टाचं बटण तुटलं असेल तर ते तसंच ठेवून या, आमच्याकडे एक निवृत्त शिंपी आहेत. सुईत दोरा तेवढा ओवून द्यावा लागतो.

विचारायचं काय नाही, तेही सांगते. "तुमची मुलं कुठं असतात?" हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर पहिला येतो, कारण तुमच्या डोक्यात एकच गोष्ट असते: मुलानं टाकलं म्हणून इथं आले. आमच्या अडतीसांत काही जणांची लग्नंच झालेली नाहीत, काहींना मूल नाही, काहींचं मूल त्यांच्या आधी गेलं. काही जण सुनेशी भांडून नव्हे, तर तिच्या हातापायांची दया येऊन स्वतः आलेत. काहींना खरंच टाकलंय, आणि त्यांनी ते तुमच्यासमोर सांगावं अशी त्यांची इच्छा नसते. तुम्ही साडेपाचला निघून जाता. तुम्ही काढलेलं रडं रात्री अकरापर्यंत आमच्या मावशींना पुरतं. त्यापेक्षा "तुमचं गाव कुठलं?" विचारा. कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न कधी वाया जात नाही, दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी पाव्हणा निघतोच. आणि सरसकट "आजी-आजोबा" म्हणू नका. काय म्हणू, असं विचारा. आमच्याकडे एक गुरुजी आहेत, त्यांना आजोबा म्हटलेलं अजिबात खपत नाही.

विस्मरणाचा आजार असलेल्या दोन-तीन जणी भेटतील. त्यांना "मला ओळखलं का?" विचारून परीक्षा घेऊ नका. समोरून जा, नाव सांगा. त्या तुम्हाला नातू समजल्या तर वाद घालायचा नाही, खोटं नातंही जोडायचं नाही. "आज थंडी आहे नाही?" म्हणा आणि शेजारी बसा.

सर्दी-खोकला असेल त्यानं त्या दिवशी घरी राहावं. तुमचा दोन दिवसांचा ताप इथं तीन आठवडे फिरतो.

फोटो. आमचा नियम असा, की चेहरे दिसणारे फोटो विचारल्याशिवाय नाहीत, आणि हो म्हटलं तरी ते इंटरनेटवर टाकायचं का हे वेगळं विचारायचं. नियम झाला तो एका काकांमुळे. त्यांनी गावाकडे सांगून ठेवलं होतं की मी पुण्याला मुलाकडे असतो. सणावारी भावाला फोन करून पुण्याच्या गर्दीचं वर्णनसुद्धा करायचे. एका गटानं फराळ घेतानाचा त्यांचा फोटो टाकला, वर 'निराधारांसोबत दिवाळी' असं लिहिलेलं. तो फिरत फिरत गावच्या ग्रुपवर गेला. भाऊ दुसऱ्याच दिवशी आला, रागावून नव्हे, रडत. त्यानंतर काकांनी गावाला फोन करणं बंद केलं. ते पुढे दोन वर्षं होते आमच्याकडे. तुमच्या अहवालाला फोटो लागतो, हे मला कळतं. पाठमोरे घ्या, हातांचे घ्या, कॅरमचा घ्या. बॅनर नको.

बोलता बोलता कुणी एखादी गोष्ट सांगेल: घर लिहून घेतलं, पेन्शनचं कार्ड मुलाकडे आहे. ऐकून घ्या, पण तिथंच मुलाला फोन लावायला जाऊ नका. कार्यालयात येऊन सांगा. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर घर लिहून दिलं असेल आणि सांभाळलं नसेल, तर तो दस्तही रद्द होऊ शकतो. आणि तक्रार आमच्याच आश्रमाबद्दल असेल आणि मी उडवून लावतेय असं वाटलं, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत हेल्पलाइन नंबर आहे. तो लावा. माझी हरकत नाही.

एक काम मात्र तुमच्यासारख्यांनीच करण्यासारखं आहे. सरकारी पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, केंद्राच्या ऐंशीच्या पुढच्या पेन्शनवाल्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. म्हाताऱ्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेतच नाही. बँकेत तीन-तीन खेपा होतात आणि प्रत्येक खेपेला रिक्षा. आता जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला डिजिटल, मोबाइलवर चेहरा दाखवून होतं. तुमच्यातले चार जण आमच्या कारकुनासोबत बसले तर एका दुपारी सगळे दाखले होतील. कारकून सोबत हवाच, आणि कुणाचा ओटीपी, कुणाचं पासबुक तुमच्या फोनमध्ये राहता कामा नये. हे काम झालं की चष्म्यांचे ढिले स्क्रू आवळा, फोनमध्ये नंबर मोठ्या अक्षरांत भरून द्या. नखं मात्र कापू नका. मधुमेह्याच्या पायाची जखम महिनोन्महिने भरत नाही. कुणाला उचलू नका, उठवू नका.

निघताना "आम्ही परत येऊ" असं म्हणू नका, यायचं नक्की नसेल तर. आमच्या एक बाई तसं म्हणून गेलेल्या मुलीसाठी दर रविवारी केस विंचरून बसायच्या, दिवाळी ते होळी. त्या मुलीचा यात दोष काय, तिला वाटलं आपण निरोप घेतोय. नुसतं "येते" म्हणण्याची आपली रीत आहे, ती घरच्यांसाठी ठीक. इथं सांगायचं, "आज बरं वाटलं, आता आम्ही जातो." आणि परत यायचंच असेल तर तारीख सांगा, मी फळ्यावर लिहून ठेवते. ४५ जणांनी एकदा येण्यापेक्षा सहा जणांनी महिन्याच्या पहिल्या शनिवारी येणं मला परवडतं. सेवा योजनेचे वर्षाला १२० तास भरायचे असतात ना तुम्हाला? त्यातले काही इथं भरतील.

आमच्या मावशींना विसरू नका. अडतीस माणसांचं हगणं-मुतणं, आंघोळी, जेवण सहा बायका बघतात. सत्काराच्या वेळी त्या मागं उभ्या असतात, ट्रे धरून. नारळ उरले तर त्यांना देतात. त्यापेक्षा त्या दिवशीचा चार वाजताचा चहा तुम्ही करा आणि त्यांना खुर्चीवर बसवून द्या. साखर कुणाला किती ते स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लिहिलेलं आहे.

तर बुधवारी दोघं या. एक जण बोलका आणि एक जण लिहिणारा असा पाठवा. फाटकाची कडी आतून असते, कुत्रं भुंकेल, चावत नाही.